पवनारचे भाषण आणि पवनारचे मौन

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी दर वर्षी आषाढात बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके ओलांडून पंढरीला जाते. बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी ही मुक्कामाची गावे वारकऱ्याला तोंडपाठ असतात. या वाटेवरच्या जुन्या माणसांना विनोबा भावे हे नाव आठवते ते बहुधा दोन कारणांनी. एक भूदानाचे. दुसरे १९५८ च्या मे महिन्यातले, जेव्हा विनोबांनी हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा सर्व सोबत्यांसह पंढरपूरच्या मंदिरात जाऊन विठ्ठलाचे दर्शन घेतले. शाळेच्या पाठ्यपुस्तकांनीही विनोबांची हीच प्रतिमा रुजविली आहे. दाढी, कानटोपी, पदयात्रा आणि दानपत्रे. परंतु हा मनुष्य देशाला प्रथम ठाऊक झाला तो जमीन मागणारा म्हणून नव्हे. तो ठाऊक झाला एका भाषणाबद्दल तुरुंगात गेलेला म्हणून. ते भाषण युद्धाविरुद्ध होते, आणि युद्ध चालू असताना केलेले होते.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या गावी झाला. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास, म्हणून शिक्षण बडोद्यात. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेला हा विद्यार्थी मध्येच सुरतेस उतरला आणि काशीस निघून गेला. तत्पूर्वीच त्याने आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली होती. गांधीजींनी त्याच वर्षी काशीच्या हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात राजेमहाराजांना खडे बोल सुनावले होते. त्याची चर्चा तेथे अजून ताजी होती. पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी विनोबा अहमदाबादेजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाले. पुढच्या वर्षी रजा घेऊन ते वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी उपनिषदे आणि ब्रह्मसूत्रे शिकले, महाराष्ट्रात सुमारे चारशे मैल पायी हिंडले, आणि रजा संपताच परत गेले. १९२१ पासून वर्धा हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले. नागपूरच्या १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास घडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली म्हणून ती महाराष्ट्राला मिळाली. बारामतीच्या मोरोपंतांनी महाभारत आर्येत आणले तो पंडिती थाट वेगळा. विनोबांची गीताई आईला संस्कृत गीता कळत नव्हती या एका घरगुती अडचणीतून जन्मली आणि घराघरांत गेली.

या सगळ्या वर्षांत विनोबांना राजकीय व्यासपीठ माहीत नव्हते असे म्हटले तरी चालेल. सूतकताई, भंगीकाम, कुष्ठरोग्यांची सेवा करणारे सहकारी तयार करणे, कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबीचा अभ्यास, हा त्यांचा दिनक्रम. १९३८ साली प्रकृती ढासळल्यामुळे ते वर्ध्याहून जवळच धाम नदीकाठी पवनार येथे राहावयास गेले. देशभरच्या वृत्तपत्रांना १९४० च्या ऑक्टोबरपर्यंत त्यांचे नाव छापण्याचा प्रसंग फारसा आलाच नव्हता.

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान जर्मनीशी युद्धात आहे असे जाहीर केले. कोट्यवधी लोकांच्या वतीने घेतलेला हा निर्णय, पण त्यासाठी कोणत्याही लोकप्रतिनिधीस विचारले गेले नव्हते. त्याच महिन्यात भारत संरक्षण कायदा झाला. त्याखालच्या नियमांत प्रतिकूल कृत्याची व्याख्या इतकी ऐसपैस होती की युद्धप्रयत्नाला बाध येईल असा कोणताही शब्द, पत्रक वा सभा त्यात बसविता यावी. प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि मुंबई, मध्य प्रांत यांसारख्या प्रांतांचा कारभार गव्हर्नरांच्या हाती गेला. म्हणजे कायदा करणारा, तो लागू करणारा आणि त्यावर टीका ऐकून घेणारा असा एकच पक्ष उरला.

हा प्रकार महाराष्ट्रास अगदी नवा होता असे मात्र नाही. आधीच्या महायुद्धात, १० जून १९१८ रोजी, मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरलेल्या युद्ध परिषदेत लोकमान्य टिळकांना गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी मध्येच थांबविले होते आणि टिळक सभागृह सोडून गेले होते. टिळक युद्धविरोधी नव्हते. स्वराज्य द्या म्हणजे माणसे मिळतील एवढेच त्यांचे म्हणणे. साहाय्याला अट घालणाऱ्याचीही ही गत, तर साहाय्यच नाकारणाऱ्याची काय व्हावी हे उघड होते.

१९४० चा प्रश्न त्याहून अवघड होता, आणि तो अवघडपणा झाकून विनोबांचे चरित्र सांगणे योग्य होणार नाही. समोर हिटलर होता. फ्रान्स जूनमध्ये कोसळला होता, लंडनवर रोज रात्री बाँब पडत होते. काँग्रेसमध्येच दोन मते होती. १९४० च्या जुलैअखेर पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने स्वातंत्र्याचे आश्वासन आणि केंद्रात राष्ट्रीय सरकार मिळाल्यास युद्धात सहकार्य करण्याची तयारी दाखविली, आणि अहिंसेच्या मुद्द्यावर गांधीजींना बाजूस व्हावे लागले. सरकारने ८ ऑगस्टला जे देऊ केले ते इतके तुटपुंजे होते की सप्टेंबरात मुंबईच्या बैठकीत काँग्रेसला पुन्हा गांधीजींकडेच यावे लागले. काँग्रेसबाहेर चित्र आणखी निराळे होते. सावरकर हिंदू तरुणांना सैन्यात जाण्यास सांगत होते. डॉ. आंबेडकर नाझीवादाच्या पराभवाला महत्त्व देत होते आणि महार पलटण पुन्हा उभी राहावी म्हणून खटपट करीत होते. ती १९४१ च्या ऑक्टोबरात बेळगावात उभी राहिलीही. मानवेंद्रनाथ रॉय यांनी युद्धास उघड पाठिंबा दिला. कम्युनिस्टांचा युद्धाला विरोध होता, तो रशियावर हल्ला झाल्यानंतर मावळला. ही सर्व माणसे देशाचे हित जाणणारी होती. त्यांतल्या कोणालाही मूर्ख किंवा फितूर ठरवून विनोबांची थोरवी वाढत नाही.

बारामती-इंदापूरकडच्या वाचकाला याचा एक दाखला घराजवळ सापडेल. नीरेच्या डाव्या कालव्याने भिजणाऱ्या पट्ट्यात, इंदापूर तालुक्यात, वालचंद हिराचंद यांनी माळरानावर साखर कारखाना आणि वालचंदनगर ही वसाहत उभी केली होती. याच वालचंदांनी १९४० च्या डिसेंबरात बंगळुरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमानांची कंपनी स्थापन केली. युद्धामुळे सरकारला विमाने हवी होती आणि हिंदी उद्योगाला ती दारे प्रथमच उघडत होती. दख्खनच्या कोरडवाहू गावांतला तरुण पलटणीत जात होता तो साम्राज्याच्या प्रेमाने नव्हे. महिन्याच्या महिन्याला घरी येणारी मनिऑर्डर हे त्याचे कारण होते. अशा वेळी युद्धाला माणूस वा पैसा देऊ नका असे सांगणे म्हणजे पोटावर आणि भवितव्यावर एकदम बोट ठेवणे होते. ऐकणाऱ्याला ते पटेलच अशी कोणतीही खात्री नव्हती.

गांधीजींनी मागितले ते ऐकणाऱ्याचे अनुमोदन नव्हतेच. त्यांनी फक्त बोलण्याची मोकळीक मागितली. सप्टेंबरच्या अखेरीस सिमल्यात व्हाइसरॉयशी त्यांच्या भेटी झाल्या. लिनलिथगोंनी कळविलेली भूमिका लक्षात ठेवण्याजोगी आहे. इंग्लंडात सद्सद्विवेकाने युद्धास नकार देणाऱ्यास लढण्यातून सूट मिळते आणि आपली श्रद्धा चारचौघांत सांगताही येते. मात्र सैनिकांना किंवा दारूगोळ्याच्या कामगारांना त्यांच्या कामापासून परावृत्त करण्याची परवानगी तेथेही नाही, आणि हिंदुस्थानात तर गांधीजी म्हणतात तितक्या मोकळिकीचा विचारच करता येणार नाही. गांधीजींचे उत्तर होते की सैनिकांच्या छावणीत किंवा कारखान्याच्या दारात जाण्याचा त्यांचा हेतूच नाही. तरीही सरकार बधले नाही. त्याच वर्षी इंग्लंडात पीस प्लेज युनियनच्या सहा पदाधिकाऱ्यांवर युद्धविरोधी भित्तिपत्रकाबद्दल खटला झाला आणि चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेऊन त्यांना सोडून देण्यात आले. तिकडे हमीपत्र आणि इकडे तुरुंग, हा फरक राज्यकर्ता कोण आणि प्रजा कोण यावर ठरत होता.

सामुदायिक सत्याग्रह केला तर इंग्लंडला अडचणीच्या क्षणी खिंडीत गाठल्यासारखे होईल म्हणून गांधीजींनी तो टाळला. निवडक माणसांनी एकेकट्याने भाषण करावे, आधी जिल्हा मॅजिस्ट्रेटला वेळ आणि जागा कळवावी, अटक न झाल्यास गावोगाव बोलत दिल्लीच्या दिशेने चालावे, अशी ही योजना होती. जगाच्या इतिहासात सरकारची इतकी सोय पाहणारे बंड क्वचितच झाले असेल. सुभाषबाबूंना ते फार मिळमिळीत वाटले, आणि त्यांच्या बाजूने पाहता वाटावे असेच ते होते.

पहिला कोण, हा प्रश्न उरला. जवाहरलाल नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद यांच्यापैकी कोणीही चालला असता. गांधीजींनी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विनोबांना पवनारहून सेवाग्रामला बोलावून घेतले आणि हातातली कामे मोकळी करण्यास किती अवधी लागेल असे विचारले. अवधीची गरज नव्हती. विनोबांची कामे अशी असत की सोडून उठावे तर मागे काही अडकून पडू नये. निवडीमागचे कारण गांधीजींनी हरिजन साप्ताहिकात लेख लिहून सांगितले. त्यात विनोबांच्या देशभक्तीपेक्षा त्यांची सूतकताई, आश्रमातले झाडलोटीचे काम, अस्पृश्यतेचा लवलेशही नसणे आणि परधर्माविषयीचा आदर यांचेच वर्णन अधिक आहे. आणखीही एक कारण होते. नेहरूंना युद्धमात्र अमान्य नव्हते. त्यांना परतंत्र देशाला विचारल्याशिवाय युद्धात ओढणे अमान्य होते. विनोबांना मात्र कोणतेही युद्ध अमान्य होते. सत्याग्रहींच्या प्रतिज्ञेत दोन्ही भूमिकांना जागा होती. इंग्रजांच्या या युद्धप्रयत्नास माणूसबळाने वा पैशाने मदत करणे चूक आहे, आणि युद्धाला खरा प्रतिकार अहिंसेनेच होऊ शकतो, असा तिचा आशय. पहिला सत्याग्रही असा हवा होता की ज्याच्या तोंडी दोन्ही अर्धी खरी असतील. तो आडमार्गाने इंग्रजद्वेष करतो आहे असे कोणी म्हणू शकू नये. पुढचे सारे आंदोलन या निवडीवर तोलून उभे होते.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा पवनारमध्ये बोलले. श्रोते होते खेड्यातले शेतकरी, मजूर आणि वर्ध्याहून आलेली काही मंडळी. त्या दिवशी पोलिसांनी हात लावला नाही. विनोबा पुढच्या गावी गेले, तेथेही बोलले, आणि असे करीत देवळी येथे पोहोचले. तेथे २१ ऑक्टोबरला त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची साधी कैद सुनावण्यात आली.

सरकारला त्रास झाला तो भाषणापेक्षा भाषणाच्या वृत्ताचा, हे यापुढच्या घटनेवरून दिसते. खेड्यातल्या शे-दोनशे माणसांनी ऐकलेल्या शब्दांची भीती दिल्लीला वाटण्याचे कारण नव्हते. पण हरिजनच्या संपादकांना १८ ऑक्टोबरलाच नोटीस आली. विनोबांच्या सत्याग्रहाची हकीकत किंवा त्यांच्या भाषणांचे वृत्त दिल्लीच्या मुख्य वृत्तपत्र सल्लागारास आधी दाखविल्याशिवाय छापू नये असा तिचा आशय होता. १९३३ च्या फेब्रुवारीत, गांधीजी येरवड्यात असताना, पुण्यातून निघालेले हे साप्ताहिक. आजवर ते कोणापुढे मजकूर धरून संमतीसाठी उभे राहिले नव्हते. गांधीजींनी हरिजन आणि त्याची भावंडे असलेली हरिजनबंधू व हरिजनसेवक ही तिन्ही साप्ताहिके बंद केली. कात्री लावलेला अंक काढण्यापेक्षा अंकच न काढणे त्यांनी पत्करले. ती पुन्हा सुरू झाली १९४२ च्या जानेवारीत.

दुसरे सत्याग्रही जवाहरलाल ७ नोव्हेंबरला आरंभ करणार होते. सरकारने वाट पाहिली नाही. ३१ ऑक्टोबरलाच अलाहाबादजवळच्या छिवकी स्थानकावर त्यांना पकडले आणि आधीच्या तीन भाषणांबद्दल गोरखपूर येथे चार वर्षांची सक्तमजुरी दिली. विनोबांना तीन महिने आणि नेहरूंना चार वर्षे, यातली विसंगती त्या काळीही लोकांच्या ध्यानात आली. सरकार शब्द मोजत नव्हते, ते शब्द बोलणाऱ्याचे वजन करीत होते. नोव्हेंबरात काँग्रेस कार्यकारिणीचे व विधिमंडळांचे सदस्य, १९४१ च्या आरंभी जिल्हा आणि तालुका समित्यांचे लोक, एप्रिलपासून सामान्य सभासद अशा लाटा होत गेल्या. पुणे जिल्ह्यातल्या तालुक्यांतून ज्याला जायचे त्याने आपले नाव गांधीजींकडून मंजूर करून घ्यायचे, पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटला पत्र टाकायचे आणि ठरल्या वेळी चावडीपुढे वा बाजारात चार वाक्ये बोलायची, असा हा मामला होता. वीस हजारांहून अधिक लोक तुरुंगात गेले. शिक्षक आणि कारकून यांना यात जी किंमत मोजावी लागे ती नोकरीची असे, आणि तिची नोंद तुरुंगाच्या रजिस्टरात होत नसे.

विनोबा सुटले, पुन्हा बोलले, पुन्हा आत गेले. असे या सत्याग्रहात तीनदा झाले. नागपूरच्या तुरुंगात त्यांनी स्वराज्यशास्त्र ही छोटी पुस्तिका सिद्ध केली. राज्य कोणाचे या प्रश्नाइतकाच राज्याची गरज किती हा प्रश्न तीत त्यांनी घेतला आहे. १९४१ च्या डिसेंबरात सरकारने सत्याग्रहींना सोडले, त्याच आठवड्यात जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि सारीच परिस्थिती पालटली. १९४२ च्या ऑगस्टमध्ये विनोबांना पुन्हा पकडण्यात आले. वेलोर आणि सिवनीच्या तुरुंगांतली जवळजवळ तीन वर्षे त्यांनी दक्षिणेकडच्या चारही भाषा शिकण्यात आणि स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर बोलण्यात घालविली.

स्वातंत्र्यानंतरची कथा सर्वांस माहीत आहे. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीत पहिले दान मिळाले, तेरा वर्षे पदयात्रा झाली, लाखो एकर जमीन कागदावर आली आणि तिच्यातली पुष्कळशी भूमिहीनांपर्यंत कधी पोहोचलीच नाही. धाकटे बंधू बाळकोबा पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या उरुळी कांचन येथील निसर्गोपचार आश्रमात रमले. विनोबा १९७० नंतर पवनारलाच स्थिर झाले.

२५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभराचे मौन घेतले होते. ते चालू असतानाच २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी आली आणि जयप्रकाश नारायणांसह हजारो लोक स्थानबद्ध झाले. १९४० सालचा पहिला सत्याग्रही काय म्हणतो याकडे देशाचे डोळे लागणे स्वाभाविक होते. पवनारहून बाहेर आला तो एकच शब्द, अनुशासनपर्व. महाभारतातल्या एका पर्वाचे हे नाव. सरकारने ते भिंतीभिंतींवर लावले आणि विनोबांचा आशीर्वाद मिळाल्याचे सांगितले. मौन सुटल्यावर विनोबांनी खुलासा केला की अनुशासन हे आचार्यांचे असते, सत्ताधाऱ्यांचे असते ते शासन. १९७६ च्या जानेवारीत त्यांनी पवनारला आचार्यांचे संमेलनही बोलाविले, आणि त्या संमेलनाने देशात पूर्वस्थिती आणावी असा सौम्य पण स्पष्ट सूर लावला. सरकारला तो रुचला नाही. परंतु तोवर सहा महिने गेले होते आणि भिंतीवरचा शब्द आपले काम करून चुकला होता. त्याच हिवाळ्यात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी उघड निषेध केला आणि पुढे तुरुंग पत्करला. विनोबांचे मौन व्रताचे होते, आणीबाणीपूर्वीचे होते, हे सर्व खरे. तथापि ज्याला एका शब्दाने बोलता येत होते त्याला दुसऱ्या शब्दानेही बोलता आले असते, हा आक्षेप त्यांच्या भक्तांना आजवर नीटपणे परतविता आलेला नाही. मौनाचाही अर्थ कोणीतरी लावतो, आणि सत्तेच्या हाती छापखाना असेल तर तिचा अर्थ आधी छापून येतो. १९४० साली भाषण छापू न देणाऱ्या सरकारशी गाठ पडलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

आणि तरीही पुढची घटना अशी की तिच्यामुळे या न्यायनिवाड्याची घाई करवत नाही. १९७६ च्या मध्यास विनोबांनी जाहीर केले की गोवधबंदी झाली नाही तर ११ सप्टेंबरपासून, म्हणजे आपल्या वाढदिवसापासून, ते उपोषण करतील. हे वृत्त वर्तमानपत्रांना छापण्यास मनाई झाली. पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरातल्या भगिनी मैत्री नावाचे मासिक काढीत असत. त्यात ही घोषणा आली. जूनमध्ये पोलीस धाम नदीकाठच्या त्या आश्रमात शिरले आणि मैत्रीच्या छापील प्रती उचलून घेऊन गेले. विनोबा तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. छत्तीस वर्षांपूर्वी त्याच गावी केलेल्या भाषणाचे वृत्त अडविण्यासाठी निघालेला हुकूम परक्या व्हाइसरॉयच्या सचिवालयाचा होता. या वेळी आलेले पोलीस स्वतंत्र भारताचे होते, आणि त्या भारताच्या पंतप्रधान पहिल्याच्या पाठोपाठ तुरुंगात गेलेल्या दुसऱ्या सत्याग्रहीची कन्या होत्या.

विनोबांनी या जप्तीवर गहजब केला नाही. राज्यांकडून आश्वासने आल्यावर उपोषणही टळले. १९८२ च्या नोव्हेंबरात आजारी पडल्यावर त्यांनी अन्न, पाणी आणि औषध घेण्याचे थांबविले. १५ नोव्हेंबरला, त्या वर्षीच्या दिवाळीत, पवनार येथे त्यांचे देहावसान झाले आणि धाम नदीच्या काठीच दहन झाले.